रंग भरायचे राहिलेले आयकॉन

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. आयकॉनवर कोण गोष्ट लिहितं?

लंबू माझा दोस्त. त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. घरी त्याचे वडील एकटे पडणार. काकांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आता गुडघे गेलेत. लंबूचं म्हणणं सरळ होतं. बाबांना मोबाईलवरून मला फोन लावता आला तर जातो, नाहीतर नोकरी गेली उडत.

मी व्हिडिओ बघून बघून ॲप बनवायला शिकलोय. काकांसाठी एक बनवलं. पहिल्याच पानावर तीन आयकॉन. मुलगा, दवाखाना, शेजारी. बारीक रेघेचे, आतून पोकळ. एकदम स्वच्छ. मला जाम आवडले.

फोन लागतो का बघायला लंबू खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिला. काका खुर्चीत, मोबाईल मांडीवर.

"काका, लावा फोन."

"हो हो. तुझं होऊ दे."

मी थांबलो. काकाही थांबले. पंखा फिरत होता.

शेवटी लंबू वर आला, तोंड एवढंसं करून. "कळवून टाकतो नोकरीवाल्यांना, येत नाही म्हणून. बाबा, दाबत का नाही तुम्ही?"

"अरे, याने नुसती रेघ मारून ठेवलीय. रंग भरायचाय अजून. दुसऱ्याच्या अर्धवट कामाला बोट लावायचं नसतं."

"बाबा, ते तसंच असतं! झालंय पूर्ण!"

"झालंय?" काकांनी माझ्याकडे बघितलं. कीव आली असावी. "आणि लोक घेतात हे?"

मी तिथेच बसून रंग भरला. जाडी दिली, चकाकी दिली, खाली सावली टाकली. मी शाळेत होतो तेव्हा मोबाईलवर असले आयकॉन असायचे. आज माझ्या वयाच्या कुणाला दाखवले तर मलाच आजोबा म्हणतील.

लंबू परत खाली गेला. काकांनी बोट ठेवलं. रिंग वाजली. लंबू रस्त्यावरून असा "हॅलो" ओरडला की फोनची गरजच नव्हती.

काका अजून स्क्रीनच बघत होते. "मुलाची सावली उजवीकडे, दवाखान्याची डावीकडे. सूर्य किती आहेत तुझ्याकडे?"

तेही नीट केलं.

निघताना बस स्टँडवर लंबू म्हणाला, "तू आता हुशारी करू नकोस. चित्रं आहेत तशी राहू दे."

"मी नाही रे करणार. पण मोबाईल स्वतःच अपडेट होतो. कधी कधी सगळी चित्रं परत सपाट करून टाकतो."

"मग?"

"मग त्याच दिवशी तुझ्या घरी जातो आणि परत रंग भरून येतो. शब्द दिला."