दिवेलागणीची दुर्बीण

दुर्बीण दुपारी बारा वाजता घेतली, सगळा घोळ तिथंच झाला. पण तेव्हा ते कुणाच्या डोक्यात येणार? दुकानाबाहेर लख्ख ऊन, समोर शिरूरचं एसटी स्टँड, आणि शितलच्या हातात ही एवढी मोठी काळी दुर्बीण. तिनं ती डोळ्याला लावली आणि स्टँडच्या पार त्या टोकाला उभ्या असलेल्या गाडीचा नंबर घडाघडा वाचला. तिचा दीर सत्यजीत लगेच खिशात हात घालायला लागला.

"थांबा जरा," मुथाकाका म्हणाले. चष्म्याच्या दुकानात केस पिकलेला माणूस. "बघायचं काय आहे तुम्हाला?"

"बिबट्या," सत्यजीत म्हणाला.

"ते झालं. पण कधी बघायचाय?"

शितलनं सांगितलं. कवठे येमाईच्या पलीकडं ओढ्याकाठी त्यांची ढवळेवस्ती. चारी अंगाला ऊस. दिवाळीपासून बिबट्यानं दोन कुत्री आणि एक कालवड नेली होती, आणि शेजारच्या मळ्यात एका बाईवर झेप घातली होती. बाई वाचली, पण मानेला टाके पडले. तेव्हापासून खुरपायला जाणाऱ्या बायका गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधून जायच्या, कारण तो मेला धरतो ती मानच. आणि बायका रानात असल्या की त्या संध्याकाळी परतेपर्यंत एकानं पाण्याच्या टाकीवर बसायचं. देवळातला भोंगा टाकीवर चढवला होता. टाकीवरून सांगायचं, वाट मोकळी आहे का, कुठल्या अंगानं या. ते काम शितलकडं होतं. तिची नजर चांगली, आवाज खणखणीत, आणि घाबरून किंचाळणारी ती नव्हे.

"म्हणजे काम खरं संध्याकाळचं," मुथाकाका म्हणाले. त्यांनी फडताळातून एक लहानशी, पट्टा झिजलेली दुर्बीण काढली. "ही बघा. दौंडचे एक रेल्वेतले साहेब हिच्यावर भिगवणला पक्षी बघायचे. आठ बाय बेचाळीस. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं. दुसरा म्हणजे पुढच्या काचेची रुंदी. दुसऱ्याला पहिल्यानं भागा. पाच येतात. म्हणजे डोळ्यात उजेड भरपूर येतो. तुमच्या त्या मोठीची काच साठची, तीस पटीवर नेलं की येतात दोन. दुपारी झकास. पण ऊन कललं की संपलं."

शितलनं लहान दुर्बीण लावली. गाडी दिसली, पण नंबर काही वाचता आला नाही.

"यात जवळ कुठं येतंय काय?" सत्यजीत म्हणाला. "अख्ख्या वस्तीनं वर्गणी दिलीय काका. असली घेऊन गेलो तर लोकं म्हणतील, जत्रेतनं आणलीय."

"मग संध्याकाळपर्यंत थांबा. दोन्ही हातात देतो. स्वतः बघा आणि मग ठरवा."

आता आली का पंचाईत. संध्याकाळपर्यंत थांबायचं म्हणजे अंधारात मोटारसायकलवरून उसातून घरी जायचं. ज्याच्या भीतीनं दुर्बीण घ्यायची, त्याच्याच तोंडात जायचं. सत्यजीतनं शितलकडं बघितलं. शितललाही त्या गाडीच्या नंबराची भूल पडली होती, हे खरं. "मोठीच घेऊ," ती म्हणाली. आणि दोघं उन्हं असतानाच घरी पोचले.

वस्तीवर दुर्बिणीचं कौतुक काय विचारता. जो तो टाकीवर चढून बघून गेला. शितलची सासू रंगुबाई, शितल तिला आत्या म्हणायची, तेवढी चढली नाही. "मला काय करायचंय बघून? तू हाईस की वर," ती म्हणाली. रंगुबाई कामाला वाघीण आणि जिभेला त्याहून. गळ्यातल्या पट्ट्याचा तिला भारी राग. "कुत्र्याचा पट्टा माणसाला घालत्यात. गळा सारा पुरळलाय माझा." शितल रोज सकाळी ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि स्वतःच्या हातानं तिच्या पट्ट्याचं बक्कल लावायची. शितलला आई नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा तापानं फणफणली होती, तर ह्याच बाईनं उशाशी बसून तिचं कपाळ पुसलं होतं. तोंडानं मात्र त्या दिवसापासून आजपर्यंत एक गोड शब्द काढला असेल तर शपथ.

चार-पाच दिवस बरे गेले. बायका ऊन असतानाच परतत होत्या आणि दुर्बिणीतून त्यांच्या लुगड्याची नक्षीसुद्धा दिसत होती. मग तो मंगळवार आला. कांद्याची खुरपणी संपत आली होती, खुरपायच्या शेवटच्या दोन पाती राहिल्या होत्या. उद्या परत कशाला यायचं, उरकूनच जाऊ, असं रंगुबाई म्हणाली असणार. दुसरं कोण म्हणणार? थंडीचे दिवस, सूर्य टेकला की बघता बघता काळोख पडतो. बायका घमेली डोक्यावर घेऊन उठल्या तेव्हा उसाच्या तुऱ्यांवर नुसती लाली उरली होती.

कांद्याच्या रानातून वस्तीला दोन वाटा. एक कालव्याच्या चारीवरून, पाण्याच्या पाटाकडेनं, लांबची पण उघडी. दुसरी बांधावरून, जवळची, पण दोन्ही बाजूंना माणूसभर ऊस. शितलनं आधी चारीवर दुर्बीण लावली. चित्र डुचमळत होतं, हात जरा हलला की चारी कुठल्या कुठं जायची. आणि काळपट तर इतकं, की गढूळ पाण्यात बघावं. तिनं कोपरं कठड्याला टेकवली, श्वास धरला. चारीच्या वळणावर काहीतरी पिवळट पडलं होतं. लांबट. कडेला दबून बसल्यासारखं.

तिनं माइक ओढला. "आत्या, चारीनं येऊ नका. चारीवर हाय त्यो. बांधानं या, बांधानं."

खाली बायकांची रांग वळली. पुढं रंगुबाई. ती नेहमी पुढंच असायची. तिच्यामागं अनसाबाई, मग बाकीच्या.

शितलनं पुन्हा ते पिवळट शोधलं. दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा सापडलं. ते हललं नव्हतं. कान नाही, शेपूट नाही. तिनं पट कमी केली, परत वाढवली, डोळे चोळले. उजेड काही वाढेना. मग तिनं चिडून दुर्बीण खाली घेतली आणि नुसत्या डोळ्यांनी बघितलं. नुसत्या डोळ्यांना जास्त दिसत होतं. चारीच्या वळणावर खताचं रिकामं पोतं पडलं होतं. सकाळी तिथं कुणीतरी टाकलेलं तिनंच बघितलं होतं.

आणि तेवढ्यात बांधावर टिटवी ओरडली. एकदा नाही, सारखी. उसाच्या वर उठून एकाच जागेभोवती घिरट्या घालत ओरडायला लागली. रंगुबाईच्या पुढं, वाटेवरच. खाली जनावर दबून बसलं की ती अशीच ओरडते.

शितलनं दुर्बीण तिकडं लावली. नुसता काळोख. बांध कुठला, ऊस कुठला, काही कळेना. बायका उसात शिरल्या होत्या, त्यांची डोकीसुद्धा आता दिसत नव्हती. तिनं त्यांना तिथं पाठवलं होतं. तिनं, स्वतःच्या तोंडानं. सारी वस्ती दारात उभी राहून भोंग्याकडं कान लावून होती. खालून सत्यजीत ओरडून विचारत होता, काय दिसतंय, काय दिसतंय. काहीतरी सांगायला हवं होतं, पण परत चुकलं तर? मागं वळा म्हणावं तर पाठ फिरवलेल्या बाईवर तो झेप घ्यायचा. पुढं या म्हणावं तर त्याच्या पुढ्यातच.

तिनं दुर्बीण सोडून दिली. ती गळ्यात लोंबत राहिली. माइक दोन्ही हातांनी धरला.

"आत्या, थांबा. हाय तिथंच थांबा. माझं चुकलं. चारीवर पोतं हाय. बिबट्या बांधावर असल. मला दिसत न्हाई. ऐकताय का, मला काहीच दिसत न्हाई. पळू नका, वाकू नका. पाठीला पाठ लावून उभ्या ऱ्हावा आन् घमेली वाजवा. सत्यजीत, टॅक्टर काढा, लाइट लावून बांधावर घाला."

क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग उसातून खणाखणा आवाज उठला, घमेल्यावर खुरपं. एक, मग दुसरं, मग सगळीच. त्यातून रंगुबाईचा आवाज आला, बिबट्याच्या आईबापाचा उद्धार करणारा. तो आवाज थांबू नये, एवढंच म्हणत शितल टाकीच्या कठड्याला धरून उभी होती. ट्रॅक्टरचा उजेड उसात शिरला. ऊस एका ठिकाणी सळसळला आणि सळसळत ओढ्याकडं गेला. टिटवी गप्प झाली.

सकाळी बांधावर माग निघाले. तो वाटेवरच बसला होता. दबून बसल्याची जागा अशी, की रंगुबाईनं घमेलं फेकलं असतं तर त्याला लागलं असतं. शितलला रात्रभर झोप नव्हती. ऊस सळसळला की ती उठून सासूच्या अंथरुणाकडं बघून येत होती. रंगुबाई घोरत होती.

"दुर्बीण बिघडलीय म्हनून सांगू," सत्यजीत म्हणाला. "लोकांना कशाला कळाया पायजे?"

"बिघडलेली न्हाई. चुकीची घेतलीय आपन," शितल म्हणाली. "भोंग्यावर सांगून झालंय सगळं. आता काय लपवताय?"

त्या दिवशी ती शेजारच्या मळ्यातली जीप मागून घेऊन गेली, काचा वर करून, आणि मुद्दाम दिवस मावळताना दुकानात पोचली. मुथाकाकांनी काही टोमणा मारला नाही. दोन्ही दुर्बिणी फळीवर ठेवल्या आणि म्हणाले, "बघा." समोर स्टँडच्या मागच्या लिंबाखाली अंधार साचला होता. मोठीतून तो तसाच अंधार दिसला, फक्त जवळ आलेला. लहान लावली. लिंबाच्या बुंध्याशी एक कुत्रं निजलं होतं. मध्येच त्यानं कान हलवला. शितलला तो कान हलताना दिसला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, का ते तिलाच माहीत. गाडीचा नंबर तिनं वाचून बघितलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी बायका परत रानात. मंगळवारी अंधार पडला म्हणून शेवटची पात राहिली होतीच. शितल सकाळी सासूचं बक्कल लावून टाकीवर चढली, आणि ऊन कलल्यावर ती लहान दुर्बीण डोळ्याला लावून बसली. हात हलत होता, पण चित्र जागेवर राहत होतं. चारी दिसत होती, बांध दिसत होता, दोन्ही एकाच वेळी. लाली विझली तरी बांधावरचं गवत वेगळं कळत होतं. वाट मोकळी होती. टिटवी गवतात चरत होती.

बायका उठल्या. पुढं रंगुबाई. शितलनं दुर्बीण तिच्यावर आणली, नुसती बघायची म्हणून. डोक्यावर घमेलं. गळ्याभोवती पदर घट्ट गुंडाळलेला. आणि घमेल्याच्या काठावरून खाली लोंबत होता पट्टा, खिळ्यांसकट.

शितलनं परत बघितलं. मागं अनसाबाई, तिच्या गळ्यात पट्टा. तिच्यामागच्या दोघींच्या गळ्यात पट्टा. रंगुबाईच्या गळ्यात मात्र नुसता पदर. रोज सकाळी लावायचा आणि रानात गेल्याबरोबर काढायचा, असं चाललं होतं तर. रोज. मंगळवारीसुद्धा. तो समोर बसलेला असताना ही बाई उघड्या मानेनं सगळ्यांच्या पुढं उभी होती, आणि वर टाकीवर शितल आपल्या हातानं लावलेल्या बक्कलाच्या भरवशावर होती.

आधी राग आला, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. तिनं माइक तोंडाशी घेतला. सारी वस्ती ऐकत होती, ऐकू दे.

"आत्या."

रंगुबाई थांबली. तिच्यामागं सगळ्या थांबल्या.

"पट्टा घमेल्यात कशाला ठेवलाय?"

एवढ्या लांबून, एवढ्या अंधारात दिसलं हिला? रंगुबाईनं मान वर केली आणि टाकीकडं बघितलं. अनसाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. मग रंगुबाईनं घमेलं खाली ठेवलं, पदर सोडला, पट्टा गळ्याला लावला आणि पुढं निघायला पाय उचलला.

"बक्कल न्हाई लावलं," भोंगा म्हणाला. "बक्कल लावा आत्या. मला दिसतंय."