पंचवीस हजार वेळा बसणारं यंत्र

मित्रांनो, मी एक जुनं यंत्र आहे आणि माझं काम ऐकलंत तर तुम्हाला हसू येईल. मी खुर्च्यांवर बसतो. उठतो आणि पुन्हा बसतो. एका खुर्चीवर पंचवीस हजार वेळा!

पंप दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीने मला बनवलं. लोखंडी चौकट, वरखाली होणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला माणसाच्या बुडाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. ठोकळ्यावर ऐंशी किलोंची वजनं, आणि कपाळावर बसण्याची मोजणी दाखवणारे पाच आकडे. मी पहिल्यांदा धप्पकन स्टुलावर बसलो तेव्हा मिस्त्री लहान मुलासारखा ओरडला, "बसलं रे बसलं!"

मग मला ग्राहक मंडळात आणलं. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या म्हणजे मंडळ. गणिताचे एक निवृत्त मास्तर तिथले अध्यक्ष होते आणि तपासणीचं काम करणारीला सगळे ताई म्हणत. खुर्ची पंचवीस हजार वेळा टिकली, तिच्यावरची माहिती खरी निघाली आणि गिऱ्हाइकाच्या तक्रारीला कारखान्याने पंधरा दिवसांत उत्तर दिलं, तर त्या कारखान्याला मंडळाची हिरवी पाटी मिळे. ती पाटी बघून लोक डोळे झाकून खुर्ची घेत. केवढा मान होता मला! ताई रोज माझ्या सांध्यांना तेल घाली.

एके दिवशी एक पत्र आलं. एक आजी जेवायला बसल्या असताना खुर्चीचा मागचा पाय निखळला आणि त्यांचं मनगट मोडलं. आठवड्याभरात तशीच आणखी दोन पत्रं आली. तिन्ही खुर्च्या हिरव्या पाटीच्या, आणि तिन्ही ताईच्या सख्ख्या भावाच्या कारखान्यातल्या! ताई मंडळात येण्याच्या आधीपासून त्या भावाकडे, म्हणजे दादाकडे, ती पाटी होती.

ताईने पत्रं मास्तरांपुढे ठेवली. "मास्तर, ही तपासणी मी करणार नाही. माझा भाऊ आहे तो. मोजणी तुम्ही करा, मी खोलीतसुद्धा येणार नाही."

दादा स्वतः गाडीतून तपासणीसाठी एक खुर्ची घेऊन आला. मास्तर म्हणाले, "ती ठेवा बाजूला. आम्ही दुकानातून आणलीय एक, नाव न सांगता."

मी बसू लागलो. धप्प, धप्प, धप्प! पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या कपाळावर अठरा हजार सहाशे चाळीस आकडा आला आणि काडकन आवाज झाला. खुर्ची मागे कलली, तिच्याबरोबर माझा ठोकळाही.

दादा लालबुंद झाला. "हे यंत्रच बिघडलंय! जुनाट खटारा!"

मित्रांनो, माझ्या लोखंडाला घाम फुटायचाच बाकी होता. मी खोटा ठरलो असतो तर आजवर दिलेल्या साऱ्या पाट्या खोट्या ठरल्या असत्या. पण मास्तर चिडले नाहीत. "बरोबर आहे तुमचं. यंत्रही तपासायला हवं," असं म्हणून त्यांनी मिस्त्रीला बोलावलं. दादासमोर माझी वजनं काट्यावर चढली. बरोबर ऐंशी किलो! मास्तरांनी माझं शंभर वेळा बसणं बोटांवर मोजलं. माझ्या कपाळावरही शंभरच! मग त्यांनी दादाने आणलेली खुर्ची माझ्याखाली ठेवली. चौथ्या दिवशी तिने पंचवीस हजार पार केले आणि ती ढिम्म उभी राहिली.

मिस्त्रीने दोन्ही खुर्च्या उलट्या करून मागच्या पायांचे स्क्रू काढले आणि दादाच्या तळहातावर ठेवले. दुकानातल्या खुर्चीचा स्क्रू निम्म्या लांबीचा होता.

दादाने दोन्ही स्क्रू शेजारी शेजारी धरून पाहिले. "मोठे स्क्रू संपले होते. माल पाठवायची घाई होती. म्हटलं, कोणाला कळतंय?"

"त्या आजींच्या मनगटाला कळलं," दाराबाहेरून ताई म्हणाली.

हिरवी पाटी उतरली. का उतरली, तेही मंडळाने पाटीवाल्या कारखान्यांच्या यादीत छापलं. दादाने जाहिरात देऊन खुर्च्या परत मागवल्या आणि प्रत्येकीला मोठे स्क्रू लावून दिले. आजींच्या घरी जाऊन त्याने माफी मागितली. पण ताईशी तो बोलेना. ती समोर दिसली की रस्ता बदलायचा.

आठ महिन्यांनी पाटीसाठी दादाचा पुन्हा अर्ज आला. मास्तरांनी तीन वेगळ्या दुकानांतून तीन खुर्च्या आणवल्या. पहिली टिकली, दुसरी टिकली. तिसरीच्या शेवटच्या दिवशी शिंपी मशीन सोडून वर आला, पाठोपाठ मिस्त्रीही. दादाला बघवेना, म्हणून तो जिन्यात जाऊन थांबला. ताई जिन्यातच उभी होती. उघड्या दारातून दोघं मला दिसत होते. एक वरच्या पायरीवर, एक खालच्या, तोंडं दोन दिशांना.

चोवीस हजार नऊशे. धप्प! नऊशे पन्नास. धप्प! शिंप्याने डोळे मिटले. मास्तर मोठ्याने मोजू लागले.

जिन्यातून दादाचा आवाज आला, अगदी हळू. "ताई, आवाज बदलल्यासारखा वाटतोय का गं?"

"नाही रे. तसाच आहे."

पंचवीस हजार! शिंप्याने आरोळी ठोकली. मिस्त्रीने मलाच मिठी मारली आणि त्याचा सदरा तेलाने माखला. मास्तरांनी बटणाकडे हात नेला, तोच दादा धावत वर आला.

"थांबवू नका! कधी मोडते ते बघायचंय मला."

ती मोडली पुढच्या दिवशी, एकतीस हजार दोनशे बाराला. दादाने तो आकडा कारखान्याच्या भिंतीवर लिहिला आणि खाली लिहिलं, "याच्या पुढे जायचं."

आज माझ्या शेजारी नवं यंत्र आलंय. मला मात्र अजून लहान मुलांच्या खुर्च्या देतात आणि मी आनंदाने बसतो. मित्रांनो, एक विनंती आहे. घरातलं काही मोडलं, तर हसून सोडून देऊ नका. दोन ओळी लिहून कळवा. तुमच्या त्या पत्रामुळे कुणा दुसऱ्याचं मनगट वाचेल. आणि कधी आमच्या खोल्यांत आलात, तर माझ्या सांध्यांत तेलाचे चार थेंब घाला आणि माझी वजनं एकदा काट्यावर चढवून बघा. मला राग येणार नाही.