कोरी पुस्तकं

आमचे हे आयुष्यभर कारखान्यात लेथवर होते. पुस्तकाचा आणि त्यांचा छत्तीसचा आकडा. चुकून हातात घेतलंच, तर दुसऱ्या पानावर घोरायला लागायचे आणि पुस्तक तोंडावर. मुलगी म्हणायची, "बाबांना पुस्तक पांघरायला लागतं."

ती मात्र पुस्तकवेडी. सुट्टीच्या दिवशी जुन्या पुस्तकांच्या दुकानात जायची आणि पिशवी भरून यायची. नकाशे काढायच्या ऑफिसात नोकरीला होती. संध्याकाळी पलंगावर पाय पसरून बसायची, आणि सकाळी तिची चादर झटकली की खोडरबराचा भुगा उडायचा. मी करवादायचे, "ऑफिसचं काम ऑफिसात ठेव बाई." ती नुसती हसायची. घरात तिला आम्ही म्हातारी म्हणायचो, कारण बोलायला लागल्यापासून ती सगळ्यांना शहाणपण शिकवत आली होती. म्हातारी होणं मात्र तिला जमलं नाही. कामावरून परत येताना ट्रकनं उडवलं तिला.

त्यानंतर ह्यांनी तोंडच मिटलं. मी पडदे शिवते. मशीन चालू असलं की आपलं रडं आपल्याला ऐकू येत नाही, तेवढा आसरा मला होता. ह्यांना तोही नव्हता. समोर ताट ठेवलं की ताटाकडे बघत बसायचे. हा माणूसही आता हातचा जाणार, असं मी मनाशी धरून चालले होते.

एका दुपारी हे तिच्या खोलीतून पुस्तक घेऊन बाहेर आले. "अगं, हे बघ. तिनं रेघा मारल्यात."

खरंच होत्या. पेन्सिलीच्या, कुठे एका ओळीखाली, कुठे अख्ख्या परिच्छेदाशेजारी. ह्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. अक्षर अक्षर लावत, शाळेतल्या पोरासारखं. मी मशीन थांबवलं.

तेव्हापासून तो नेमच झाला. दुपारचा चहा झाला की हे वाचणार, मी पडद्यांना हुक लावत ऐकणार. वाचून झालं की पुस्तक मिटून म्हणायचे, "हं, आता बोल." नुसतं वाचून सोडलेलं त्यांना चालायचं नाही. लेथवरून जॉब उतरवला की माप घ्यायचं, ही त्यांची कारखान्यातली सवय. मी म्हणायचे, "मला काय कळतंय त्यातलं?" तर म्हणायचे, "कळेल तेवढं बोल." मग मी बोलायचे. एका दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट होती, बायकोला पत्र लिहायचा आणि टाकायचाच नाही. मी त्याला चांगल्या शिव्या घातल्या. ह्यांनी त्याची बाजू घेतली. चांगली जुंपली आमची, पार रात्रीच्या जेवणापर्यंत, आणि भांडता भांडता ह्यांनी ताटातलं सगळं संपवलं.

रेघ आली की हे थांबायचे. "इथं थांबली होती ती." मग ती का थांबली असेल, यावर आमचा काथ्याकूट. मधमाश्यांच्या पुस्तकात तिनं एवढं काय बघितलं? म्हातारपणावरच्या ओळीखाली रेघ का? जिवंतपणी जी पोरगी आम्हाला धड कळली नाही, ती आता रोज थोडी थोडी कळते आहे असं वाटायचं. एका कादंबरीत एका ओळीखाली दोन रेघा होत्या. 'बापाशी बोलायचं रोज ठरवायचे, आणि रोज राहून जायचं.' हे ती ओळ वाचू शकले नाहीत. पुस्तक माझ्याकडे दिलं. "माझ्यासाठीच केलीय तिनं," म्हणाले, आणि पहिल्यांदा माझ्यादेखत हमसून हमसून रडले. त्या रात्री त्यांना झोप लागली.

कपाटात कोरी पुस्तकंही बरीच होती. आत ना रेघ, ना खूण. हे म्हणाले, "तिनं न वाचलेली ठेवून काय करायचं?" अर्धी मी रद्दीत घातली. पण रद्दीवाल्याच्या काट्यावर ती पालथी पडलेली बघून मलाच कसंतरी झालं, म्हणून उरलेली पिशवीत भरली आणि तिच्या त्या दुकानात घेऊन गेले.

दुकानदारानं वरचंच पुस्तक उघडलं, पान उजेडाकडे धरलं, आणि माझ्याकडे बघितलं. "ही खोडरबरवाल्या ताईंची ना? तुम्ही आई का त्यांच्या? बऱ्याच दिवसांत आल्या नाहीत."

मी सांगितलं. तो बिचारा स्टुलावर बसलाच.

"खोडरबरवाली का म्हणता?" मी विचारलं.

"रेघा मारलेली पुस्तकं स्वस्तात जातात काकू, त्या तीच उचलायच्या. मला दटावायच्या, लोक पुस्तकं कशी खराब करतात म्हणून. म्हणायच्या, दुसऱ्याच्या बोटानं दाखवलेलं मला बघायचं नाही. आधी सगळं पुस्तक खोडून स्वच्छ करणार, मगच वाचणार. हे बघा ना, दाब राहिलाय अजून."

मी पान तिरकं धरलं. खरंच, ओळीखाली बारीक खाच राहिली होती.

"आणि रेघा तशाच असलेली?"

"ती वाचायची राहिली असतील."

मी पिशवी उचलली आणि तशीच बाहेर पडले. रस्त्यानं मला काही दिसत नव्हतं. आम्ही रोज ज्यांच्याशी बोलत होतो, ती कोण कुठली माणसं होती. आणि पोरीनं जे वाचलं होतं, ते मी माझ्या हातानं काट्यावर ठेवून आले होते.

घरी आले तेव्हा चहा झाकून ठेवला होता. हे तिच्या खोलीत माझी वाट बघत होते, मांडीवर तीच कादंबरी, बोट त्याच पानात. वाटलं, गप्प बसावं. ह्या माणसाचा तेवढाच आधार आहे, तो काढून मला काय मिळणार? पण मग ती पिशवीतली पुस्तकं त्यांनी कधी उघडलीच नसती. सख्ख्या लेकीला दाराबाहेर ठेवून परक्याला कवटाळत बसले असते. ते मला सहन होईना.

मी पिशवीतलं एक पुस्तक काढलं, तिच्या पलंगावर उघडं धरून झटकलं. पानांच्या बेचक्यातून करडा भुगा चादरीवर पडला.

"हे तिनं वाचलंय. आधी रेघा खोडून," मी म्हणाले.

ह्यांनी भुगा चिमटीत घेतला. लेथखालचा कीस बघून कुठला धातू ते सांगणारा माणूस. बराच वेळ बोटांत चोळत राहिले. मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हणजे दोन रेघा..." एवढंच म्हणाले.

"तिच्या नव्हेत," मी म्हणाले.

"आणि रद्दीतली?"

"गेली."

त्यांनी ती कादंबरी मिटली आणि उशाशी ठेवली. चष्मा पुसला. कोरं पुस्तक पहिल्या पानावर उघडलं आणि वाचायला लागले, तसंच अक्षर अक्षर लावत. एक पान झालं, दुसरं झालं, चहा गार झाला. कुठे थांबायचं ते सांगायला पानावर काहीच नव्हतं. हे वाचतच राहिले, आणि "आता बोल" म्हणाले नाहीत.