बी साईडचं गाणं

नवं गाणं चाललं, तर नागोरावच्या पदरात पडणार होतं ते त्याचं स्वतःचंच नाव. तेवढंच. पण बोईसरमध्ये सत्तावीस वर्षं तो 'महादूच्या गाण्याचा गिटारवाला' होता. नांदेडकडून एमआयडीसीत आला, कापडाच्या कारखान्यात पाळ्या केल्या, दोन मुली उजवल्या, डोक्यावरचे केस घालवले. यातल्या कशाचीच कुणी दखल घेतली नव्हती. ओळख करून देताना लोक महादूपासूनच सुरुवात करत.

'व्होल्टेज' हा त्यांचा रॉक बँड. गिटारवर नागोराव, ड्रमवर माकुणसारचा जितेश, आणि गायला घिवलीचा महादू. रेल्वेच्या फाटकात अडकलेल्या नवरदेवावर महादूने 'फाटक उघड रं' हे गाणं केलं, सत्त्याण्णव साली त्याची कॅसेट निघाली, आणि केळव्यापासून तारापूरपर्यंत त्याशिवाय हळद लागेना. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे बी साईडलाही, तेच गाणं पुन्हा भरलं होतं, कारण दुसरं गाणं नव्हतंच. पुढे महादूने गाणं सोडून होडी धरली. माइक नागोरावकडे आला. गाणं महादूचंच राहिलं.

गेल्या पावसाळ्यात, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, नागोरावने स्वतःचं गाणं केलं. 'शिफ्ट सुटली गं.' नवरा रात्रपाळी करून येतो, बायको सकाळपाळीला पॅकिंगला निघालेली असते, दोघांची गाठ दारात, चावी देण्याघेण्यापुरती. बायकोने, म्हणजे नर्मदाने, भाकरी थापता थापता ते ऐकलं.

"चावी हातात कुठं असायची माझ्या? पदराला असायची," ती म्हणाली. "तेवढं नीट करा."

त्याने नीट केलं. गाण्यात त्या 'पदराच्या चावी'इतकी चांगली दुसरी ओळ नव्हती.

शिरगावच्या हळदीत नागोराव माइकवर म्हणाला, "आता ऐका आमचं नवंकोरं गाणं!" नवंकोरं म्हटल्याबरोबर मांडव उठला आणि जेवायला गेला. नवरदेवसुद्धा हळदीच्या अंगाने रांगेत उभा राहिला. पुढच्या दोन हळदींतही तेच. मग एकदा झुंबर आचारी स्वतः स्टेजपाशी आला.

"नागूशेट, तुमचं नवीन गानं कवा हाय?"

नागोरावला बरं वाटलं. "आवडलं का?"

"तसं नाय. त्याच टायमाला रस्सा गरम करायला घेतो. लोकं एकदमच येतात ना."

माकुणसारला मात्र जितेशने माइक हिसकावला. स्वतःच्या गावात रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवायची त्याची तयारी नव्हती. "आता आपलं जुनं! सत्त्याण्णवच्या कॅसेटमधलं, बी साईडचं!"

उठलेले लोक बसले. 'शिफ्ट सुटली गं'चं पहिलं कडवं संपायच्या आत एक पोक्त बाई ओरडली, "अगो बाय, याच्यावर तं मी माज्या हलदीला नाचली होती!" आणि पदर खोचून नाचलीच, तेही पायांना चाल ओळखीची असल्यासारखी. दुसऱ्या कडव्याला अर्धा मांडव गात होता. एका म्हाताऱ्याने तर मूळ चाल थोडी जलद होती, अशी तक्रारही केली.

त्यानंतर गाणं आवरेना. फोनवरून फोनवर गेलं, डीजेवाल्यांनी उचललं. सफाळ्यात एका गृहस्थाकडे मूळ कॅसेट निघाली, पण त्याचा टेप बिघडलेला होता. विचारलं तिथे कॅसेट निघायची आणि टेप बिघडलेला निघायचा.

"हिट झालं ना? मग तोंड का पाडून बसलास?" जितेशने विचारलं.

"माझं म्हणून नाही झालं."

"या वयात झालं हेच नशीब. आता त्याला बापाचं नाव लावत बसू नको."

बापाचं नाव लोकांनी आधीच लावलं होतं. भेटेल तो महादूचं अभिनंदन करी. महादू आधी म्हणायचा, "मला काय आठवत नाय." मग म्हणू लागला, "केलं होतं कायतरी तसं." होळीपर्यंत त्याला कोणत्या होडीत बसून ते केलं, ती होडीही आठवली. माणूस लबाड नव्हता. एवढ्या लोकांना आठवतं आणि आपल्याला नाही, याची त्याला लाज वाटली असावी.

महादूची मुलगी रिद्धी, तिच्या हळदीला घिवलीत 'व्होल्टेज'च होता. नागोरावने नर्मदाला ठेवणीतलं लुगडं नेसायला सांगितलं.

"आज माइकवरून सांगतो, गाणं कुणाचं ते."

"सांगा. पण लोकांची जेवणं उरकू द्या आधी."

त्याने ऐकलं नाही. गाण्याआधी महादू माइकवर आला. "ह्या गान्यानं आपल्याला लय दिलंय," एवढं बोलून त्याने मांडवाला हात जोडले.

मागून कुणीतरी ओरडलं, "म्हादू, तू कंपनीत कवा होता रं?"

"मी नव्हतो. नागूकडं बघून लिवलं. बिचारा रातपाळी करायचा."

टाळ्या पडल्या. नागोरावने माइक घेतला. "मंडळी, हे गाणं जुनं नाही. मागच्या पावसाळ्यात मी केलंय. नवीन आहे."

नवीन म्हणताच झुंबरने सवयीने पातेल्यांची झाकणं काढली. रश्श्याचा वास मांडवात शिरला. खुर्च्या सरकल्या. "नवीन हाय? मंग जेवून घेव," कुणीतरी म्हणालं आणि रांग लागली. महादू स्टेजवर तसाच उभा होता. तो नागोरावकडे नाही, स्वतःच्या पायांकडे बघत होता. तारा न छेडताच गाणं संपत चाललं होतं. नाव हवं तर गाणं जातं, गाणं हवं तर नाव. दोन्ही एकदम मिळण्याचं वय सत्त्याण्णव सालीच सरलं होतं.

"अहो, गंमत केली!" नागोराव ओरडला. "बी साईडचंच हाय. महादूचं!"

"मेल्या, घाबरवलंस की," म्हणत लोक ताटं घेऊनच परतले आणि ताटं सांभाळत नाचले.

पुढच्या रांगेत महादूची बायको लाडकी नर्मदाच्या कानाशी वाकली. "माज्यावरच केलंय ह्यानी. ती पदराची चावी माजीच."

"तुमच्या घराला कुलूप असतं?" नर्मदाने विचारलं.

"शी! आमच्या गावात कुलूप कोन लावतं?"

नर्मदाने मान डोलावली आणि ती जेवायला उठली.

तर महादूला गाणं मिळालं, लाडकीला चावी, लोकांना त्यांची हळद पुन्हा, आणि झुंबरचा रस्सा एकदाच तापवून भागला. नागोरावचं नाव गेलं, पण ते त्याने माइकवर उभं राहून स्वतःच्या तोंडाने देऊन टाकलं. चावी मात्र नर्मदाची होती, आणि ती देताना तिला कुणी विचारलं नव्हतं.