शिंपीकाकांचं कार्ड

ऑफिसात दिवसभर साबणाची वेष्टनं डिझाइन करणाऱ्या ताईला दुरुस्ती हा शब्द ऐकला की तिडीक यायची. ‘लोगो जरा मोठा करा’ ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. म्हणून घरी आईचं चित्र ती खोलीचं दार लावून रंगवायची. पुरं झाल्याशिवाय कुणाला दाखवायचं नाही, हा हट्ट. दोन वर्षं झाली तरी ते पुरं होईना. आई अठ्ठ्याहत्तरची झाली होती आणि ताईला आता धास्ती वाटू लागली होती.

शनिवारी ती इस्पितळात विनामोबदला काम करायची. अर्धांगवायूच्या झटक्याने वाचा गेलेल्यांसाठी तिने चित्रांची कार्डं केली होती: पाणी, दुखतंय, पांघरूण, लघवी. आजाऱ्याने बोट ठेवायचं, घरच्यांनी समजून घ्यायचं. एकोणतीस कार्डं, एकाहून एक देखणी.

एका म्हाताऱ्या शिंप्याने ती सगळी भिरकावून दिली.

“सकाळपासून हेच चाललंय,” स्टुलावर बसलेली त्याची बायको म्हणाली. “काय हवंय तेच कळत नाही हो.”

ताईला रागच आला. पण कार्डं गोळा करताना तिच्या डोक्यात प्रकाश पडला, याला हवं ते यांत नाहीच. तिने कोरं कार्ड घेतलं. “काका, मी काढते. चुकलं की थांबवा.”

त्याने बायकोकडे बोट केलं. ताईने कार्डावर स्टुलावर बसलेल्या काकू काढल्या. त्याने डाव्या हाताने खोडरबर घेऊन स्टूल खोडलं. तिने खुर्ची काढली, त्याने तीही खोडली. पलंग काढला, तेव्हा तो थांबला आणि त्याने दाराकडे हात केला.

“घरी?” ताईने विचारलं. त्याने जोरजोरात होकारार्थी मान हलवली.

“काकू, तुम्ही घरी जाऊन झोपा म्हणतायत.”

“आठ दिवस इथेच आहे मी,” काकू म्हणाल्या आणि त्यांना रडू कोसळलं.

कार्ड पार मळलं होतं. ‘नीट काढून आणते,’ म्हटलं तर शिंपी ते सोडेना. ताईने ते त्याच्याच हातात राहू दिलं.

घरी येताच तिने आईला खोलीत बोलावलं. “अर्धवटच आहे. काय चुकलंय ते सांग.”

चित्रातली बाई मांडीवर हात ठेवून बसली होती. आईने वाकून पाहिलं.

“गोड काढलंयस. पण इतकी निवांत मी कधी बसले गं?” मग ती हसली. “दोन वर्षं दार लावून मलाच काढत होतीस? वेडाबाई, मी बाहेरच होते की!”

आई कुकर लावायला वळली. ताईने चित्र आणि रंग उचलले आणि ती आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली.