उलटा डायोड

आमचं मासिक घरच्या घरी यंत्रं बनवणाऱ्यांचं. रेडिओ, भोंगे, चार्जर, सुचेल ते. संपादक मी, आकृत्या काढणारा मी आणि अंकांवर पत्ते चिकटवणाराही मीच. पूर्वी आम्ही चौघं होतो. एक वारला, एकाला लेकानं आपल्याकडे नेलं, एक माझ्याशी भांडून गेला, आणि चूक त्याचीच होती.

मुलीनं फोनवर एकच टुमणं लावलेलं. "बाबा, कशाला जिवाचा आटापिटा करताय? लोक आता व्हिडिओ बघतात. तुमचं वाचून कुणी काही बनवत असेल असं खरंच वाटतं तुम्हाला?"

मी तिच्यावर खेकसलो. कारण मलाही तेच वाटत होतं. वर्षभरात वाचकाचं एक पत्र आलं नव्हतं. आमच्या वाचकांची खोड मला ठाऊक आहे. अंक आवडला म्हणून ते जन्मात लिहिणार नाहीत, पण आकृतीत एक रेघ चुकू दे, तुटून पडतात. एकदा छापताना तारेचा एक जोड गळला, तर आठवड्यात साठ पत्रं. एका महाभागानं तर जळलेला ट्रान्सफॉर्मरच पार्सलनं पाठवला. तेव्हापासून प्रत्येक आकृती मी आधी स्वतः जोडून बघतो, मगच छापतो. बावीस वर्षांत एक चूक नाही.

म्हणून ठरवलं, आता मुद्दाम चूक करायची. टाकी भरली की वाजणारा भोंगा घेतला आणि त्यात डायोड उलटा काढला. डायोडमधून वीज एकाच बाजूनं जाते, तो उलटा बसवला की भोंगा ढिम्म वाजणार नाही. जळणार काही नाही, कुणाला इजा नाही. एक जरी शिवी आली तर मासिक चालू, नाही आली तर हाच शेवटचा अंक. मुलीलाही तसं सांगून टाकलं.

अंक गेला. मग काय, वाट बघणं. पोस्टमनला मी दोनदा पिशवी पुन्हा उपसायला लावली. तो म्हणाला, "काका, मी काय पत्रं खातो का?" कार्यालयात अजून चार खुर्च्या आहेत. रोज वेगळ्या खुर्चीवर बसून चहा प्यायचो. वेडेपणाच तो, पण तेवढंच जरा बरं वाटायचं.

पाचव्या आठवड्यात एक पत्र आलं. शिव्या खायला इतका उतावीळ मी आयुष्यात कधी झालो नव्हतो. उभ्या उभ्याच फोडलं.

"संपादक महाशय, भोंगा केला. बायको होती तोवर टाकी भरली की ती हाक मारायची. आता पाणी जिन्यावरून वाहायला लागलं की मला कळतं. भोंगा तीन वेळा जोडला, वाजला नाही. डायोड मला उलटा वाटला. पण तुमची आकृती कधी चुकत नाही, तेव्हा मलाच समजेनासं झालं असणार. मुलगा म्हणतोच, की हल्ली माझं डोकं चालत नाही. त्याचं खरं असावं. सोल्डरिंगचं सगळं सामान भंगारात देऊन टाकलं. माझा अंक बंद करावा. इतकी वर्षं सोबत केलीत, आभारी आहे."

खुर्ची ओढून बसलो. लगेच उत्तर लिहायला घेतलं. 'तुमचं बरोबर आहे, डायोड उलटाच आहे,' इथवर आलो. तो मी जाणूनबुजून उलटा काढला, हे लिहायला काही हात धजेना.

तेवढ्यात मुलीचा फोन. "आलं का एखादं पत्र?"

"आलं."

"अरे वा! मग मासिक चालू म्हणायचं. काय, चांगलं झापलंय का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो. "चूक त्याची आहे म्हणतोय."

ती पलीकडून हसली.