जगदेव कुंभाराचं जळण

लढाईनं सगळंच महाग केलं होतं, पण बायकांना जळणाएवढं कशानं रडवलं नाही. त्रेचाळीस सालचा फाल्गुन होता. घासलेट दुकानात आलं की दुपारच्या आत संपायचं. कोळसा आगगाडीलाच पुरेना, म्हणून ठेकेदार रानंच्या रानं तोडून जऊळक्याच्या ठेसनावरून लाकडाचे डबे भरून धाडत होते. पूर्वी ज्या बाभळीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं, तिच्या फांदीवरून आता जावाजावांत भांडणं होत होती.

आणि तरीही मंडळी, गंमत पाहा! काटकसर केली पाहिजे, असं जो तो म्हणत होता आणि ती शेजाऱ्यानं करावी, असंच ज्याच्या त्याच्या मनात होतं. बाजारात महागाईच्या नावानं बोटं मोडायची आणि घरी येऊन भांडं उतरलेली चूल तशीच धगधगत ठेवायची. जऊळक्यापासून कोसभरावरच्या बोरखेड गावात या बाबतीत सगळ्यांच्या पुढे होते ते खुद्द गावचे पाटील, मारोतराव.

मारोतराव मनानं वाईट नव्हते. दाराशी आलेल्याला त्यांनी कधी उपाशी धाडला नाही. पण त्यांच्या न्हाणीचा चुला पहाटे पेटायचा तो दुपारपर्यंत विझायचा नाही. मालकांना केव्हा हातपाय धुवावेसे वाटतील याचा नेम नाही, म्हणून हंडाभर पाणी आपलं उकळत राहायचं. त्यांची बायको प्रयागबाई दोन लाकडं मागे ओढायची, तर हे ती पुन्हा पुढे सारायचे. जळणाचा हिशेब भिकाऱ्यानं करावा, पाटलानं नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्यात होळी आली. बोरखेडची होळी आणि जऊळक्याची होळी यांची जुनी चुरस. कोणाच्या होळीचा जाळ उंच गेला, कोणाची सकाळपर्यंत धगधगत राहिली, यावर पुढे महिनाभर बैठकीत बोलणी चालायची. होळी पेटवायचा मान पाटलाचा, म्हणून ती लहान झाली तर नाकही पाटलाचंच कापलं जायचं.

मारोतराव गाडी जुंपून हबीबभाईच्या वखारीवर गेले. हबीबभाईचा लाकडाचा धंदा, पण वखारीत झाडून काढावं तसं सगळं साफ झालेलं. दोघं एकाच आखाड्यात खेळून मोठे झालेले, म्हणून हबीबभाईनं आडपडदा न ठेवता सांगितलं की ओंडका शिल्लक नाही, आणि असता तरी यंदा गिऱ्हाइकाला मी चुलीपुरतंच दिलं असतं. सण आहे तर होळी जरूर पेटवा, पण बेताची पेटवा, एवढंच तो म्हणाला. मारोतराव हसले. लाकडं विकणाराच लाकडं जाळू नका म्हणतो, हा कुठला व्यापार, असं म्हणून त्यांनी त्याची थट्टा केली आणि रिकामी गाडी घेऊन परतले.

गावात आल्यावर त्यांनी पुतण्याला, इंद्रभानला बोलावलं. गावातल्या सगळ्या पोट्ट्यांचा तो म्होरक्या. जाळ जऊळक्याहून दिसला पाहिजे, एवढंच मारोतरावांनी त्याला सांगितलं. कुठून आणायचं ते सांगितलं नाही, कारण सांगायची गरजच नव्हती. आपल्याकडे होळीला जळण चोरून आणायची रीतच आहे. ती चोरी कोणी चोरी समजत नाही. कोणाच्या कुंपणाचे काटे जातात, कोणाचं मोडकं जू जातं. ज्याचं जातं तो सकाळी दारात उभा राहून पोट्ट्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, पोट्टे लपून ऐकतात आणि पोट धरून हसतात. आणि एकदा का वस्तू होळीवर चढली की ती खाली काढायची नाही, काढली तर गावाला बाधते, असा समज.

सुगीच्या, स्वस्ताईच्या काळात ही रीत खपून जात होती. या वर्षी मात्र कुंपणं कधीच चुलीत गेली होती. सगळ्या गावात उघड्यावर जळणाची एकच मोठी रास उरली होती, ती जगदेव कुंभाराच्या अंगणात.

जगदेवबुवा आणि त्यांची बायको तुळसाबाई, दोघंच म्हातारी माणसं. एकुलती लेक मानोऱ्याकडे दिलेली. संक्रांत झाली की बुवा चाकावर बसत आणि उन्हाळ्यासाठी माठ, रांजण, मडकी घडवत. तोवर तुळसाबाई गुरांच्या मागे टोपलं घेऊन हिंडायची, शेण गोळा करून गोवऱ्या थापायची, वावरावावरातून तुरीच्या वाळक्या तुराट्या उपसून आणायची. मडकी वाळली की ती गोवऱ्यांत रचून आवा पेटवायचा. आवा ही मडकी भाजायची भट्टी. तिला जळण एकदमच सगळं लागतं, अर्ध्यावर विझली की मडकी वाया. त्या वर्षी दुसरेही शेण उचलायला टपलेले, म्हणून म्हातारी उजाडायच्या आधी बाहेर पडायची. सगळा हिवाळा तिनं त्या राशीपायी घातला होता. आणि मडकी छपराखाली वाळून तयार होती. होळी झाली की आवा लावायचा, असं बुवांनी ठरवलं होतं.

होळीच्या दिवशी सकाळी तुळसाबाई अंगण झाडायला उठली तर अंगण मोकळं. गोवरी नाही, तुराटी नाही.

ती ओरडली नाही. तिनं शिव्याही दिल्या नाहीत. आडोशाला लपून बसलेले पोट्टे वाट पाहून कंटाळले आणि निघून गेले. डोक्यावरचा पदर सारखा करून ती सरळ पाटलाच्या ओट्यासमोर येऊन उभी राहिली.

“पाटील, गोवऱ्या अजून पेटल्या नाईत,” ती म्हणाली. “आमची मडकी वाळून तयार हायेत. आमचं जळण तेवढं आमाले परत द्या, बाप्पा.”

मारोतराव दचकले. पोट्टे कुंभाराची रास उचलतील, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांनी ते ध्यानात येऊ दिलं नव्हतं. त्यांच्या एका शब्दानं पोट्ट्यांनी सगळं मुकाट्यानं परत नेऊन टाकलं असतं. पण ओट्यावर चार माणसं बसलेली होती.

“होळीवर चढलेलं खाली काढत नसतात, तुळसाबाई. गावाले बाधते,” ते म्हणाले. “धुळवड होऊ दे. गाडीभर कपाशीच्या पऱ्हाट्या अन् गोवऱ्या मी माह्या घरून धाडतो. पाटलाचा शबूद हाय.”

पाटलानं शब्द दिल्यावर कुंभारणीनं आणखी काय बोलायचं? ती मान हलवून गेली.

प्रयागबाईनं आतून सगळं ऐकलं होतं. पुरणाचं पातेलं चुलीवरून उतरवून ती दारात आली आणि गाडी आत्ताच धाडा म्हणून मागे लागली. सणाच्या दिवशी गाडीवान कुठून आणू, म्हणून मारोतराव चिडले. मग बोलता बोलता त्यांच्या पोटातलं बाहेर पडलं. सरकार म्हणतं काटकसर करा, हबीब म्हणतो काटकसर करा. इंग्रजाच्या लढाईपायी मी माझा सण कायले लहान करू?

“इंग्रजासाठी कोन म्हनते?” प्रयागबाई म्हणाली. “पैसा तुमचा असन. पर रानातलं लाकूड अन् गावातलं शेन सगळ्याइत मिळून तेवढंच हाय. तुमी एक गाडी फुकट जाळली का कोनाच्या तरी घरची एक गाडी कमी होते. आज थे घर जगदेवबुवाचं हाय. होळी पाच गोवऱ्याइचीबी होते. पाच गोवऱ्यात आवा लावून दाखवा मले!”

 बायकोचं खरं ठरलं की पुरुषमाणूस करतो तेच मारोतरावांनी केलं. डोक्याला पटका गुंडाळला आणि बाहेर पडले.

सांजेला होळी पेटली. जाळ असा उठला की जवळच्या पिंपळाच्या शेंड्याची पानं करपली. लोकांनी बोंबा ठोकल्या, पाटलाच्या नावाचा जयजयकार केला. जगदेवबुवाही आले होते. त्यांनी रीतीप्रमाणे प्रदक्षिणा घातली, पुरणपोळीचा घास वाहिला, हात जोडले आणि गर्दीच्या मागे जाऊन उभे राहिले. तिथून ते जाळाकडे पाहत होते. जऊळक्याचा जाळ त्या दिवशी दिसलाच नाही. जऊळक्याच्या लोकांनी यंदा लहानच होळी केली होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं, आणि बोरखेडात त्यांची टर उडवली गेली.

धुळवड झाली. गाडीवान भांग पिऊन पडला होता. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मग एक बैल लंगडू लागला. मग रंगपंचमी आटोपू द्या म्हणाले. शब्द मोडायचा मारोतरावांच्या मनात नव्हता हो! पण ज्याच्या घरी जळणाच्या राशी असतात, त्याला दुसऱ्याच्या थंड आव्याची घाई कशी कळणार? प्रयागबाई रोज आठवण करायची आणि ते रोज ‘उद्या’ म्हणायचे. जगदेवबुवा घरोघर फिरले, पण यंदा कोणापाशी देण्याजोगं काही नव्हतं. तुळसाबाई पुन्हा एकदा पाटलाच्या घराच्या वळणापर्यंत आली आणि पाटील पाहुण्यांत बसलेले पाहून मागे फिरली.

रंगपंचमीच्या दुपारी आभाळ भरून आलं. आपल्याकडे फाल्गुनातली गारपीट सांगून येत नाही. लिंबाएवढ्या गारा पडल्या आणि मागून पाऊस लागला. जगदेवबुवांच्या छपराची चाळण झाली. दोघं म्हातारी मडक्यांवर घोंगडी, गोणपाट, अंगावरची वस्त्रं टाकत होती. पण भाजलेलं मडकं पावसाला भीत नाही आणि कच्च्या मडक्याला पाऊस ठेवत नाही. मारोतराव पाऊस थांबताच धावत आले, तेव्हा छपराखाली चिखल होता. त्यात एका रांजणाचा काठ तेवढा वर दिसत होता. त्यांच्या मागोमाग जळणाची गाडी आली, भरलेली, ओली. बैल गेला अन् झोपा केला, म्हणतात ते हेच.

जगदेवबुवांनी पाटलाला बसायला पाट दिला.  दोन आठवड्यांत घराला कडी लावून दोघं मानोऱ्याकडे लेकीच्या गावी निघून गेली.

तो उन्हाळा बोरखेडला चांगलाच कळला. गावात नवा माठ नाही. लोकांनी बाजारातून आणले, त्यांतले निम्मे गाडीच्या धक्क्यांनी वाटेतच फुटले. उन्हातून आलेला माणूस पितळेच्या घागरीतलं कोमट पाणी प्यायचा आणि कुंभाराची आठवण काढायचा. होळीसमोर ज्यांनी जयजयकार केला होता, तेच आता पाटलाच्या माघारी कुजबुजत होते. मारोतरावांच्या न्हाणीचा चुला मात्र आता अंघोळ झाली की विझू लागला. प्रयागबाईला काही बोलावं लागलं नाही.

दिवाळी आटोपल्यावर मारोतराव गाडी घेऊन स्वतः मानोऱ्याला गेले. गाडीत कोरड्या गोवऱ्या भरलेल्या होत्या. म्हणजे बुवांना दिसावं की या खेपेला नुसता शब्द नाही. बुवा कापसाच्या वेचणीवरून नुकतेच आले होते. तुळसाबाईनं पाहुण्याला पाणी दिलं. मारोतरावांचं लक्ष गेलं. तिनं ते घासलेटच्या रिकाम्या डब्यातून काढलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी माठ घडवणाऱ्या कुंभाराच्या घरी पाणी ठेवायला पत्र्याचा डबा! 

मारोतरावांनी येण्याचं कारण सांगितलं. छप्पर नवं करून देतो, जळण सालोसाल माझ्याकडचं, तुम्ही फक्त परत या. बुवांनी आपले दोन्ही हात पुढे धरले.

“पाटील, कच्चं मडकं भिजलं तर त्याची माती पुन्हा चाकावर घेता येते,” ते म्हणाले. “पर माह्या हातात आता थो दम नाई राह्यला. हे शेवटचं घडवनं हाय असं समजून मी थे सारं केलं व्हतं. चाक देऊन टाकलं मी.”

मारोतरावांनी माझं चुकलं म्हणून हात जोडले. पाटलानं कुंभारापुढे हात जोडलेले पाहून तुळसाबाई ओशाळली. ती म्हणाली, “तसं नका करू जी. गावाची होळी व्हती, गोवऱ्या गेल्या त्याचं आमाले काई नाई. तुमची गाडी धुळवडीच्या दिवशी आली असती, तरी चाललं असतं.”

ती हे रागानं म्हणाली नव्हती. तिनं आपलं सरळ सांगितलं. पण परतीच्या सगळ्या वाटेवर मारोतरावांच्या कानात तेवढंच वाजत होतं. गाडीतल्या गोवऱ्या त्यांनी लेकीच्या अंगणात उतरवून ठेवल्या होत्या. त्या चुलीसाठी उपयोगी पडतील, असं तुळसाबाई म्हणाली होती.

पुढच्या फाल्गुनात बोरखेडच्या होळीवर एक एरंडाची फांदी आणि प्रत्येक घरानं आपल्या हातानं आणलेली एकेक गोवरी होती. कोणाचं काही चोरायचं नाही, अशी पाटलाची ताकीद होती. इंद्रभान आणि त्याचे पोट्टे हिरमुसले. मग मारोतराव उभे राहिले आणि गेल्या होळीचा जाळ कशानं एवढा उंच गेला होता, ते त्यांनी सगळ्या गावापुढे सांगितलं. स्वतःला सोडून कोणाला दोष दिला नाही.  म्हातारीकोतारी डोळे पुसत होती. इंद्रभान मान खाली घालून उभा होता.

तेव्हा मंडळी, जळण महाग झालं म्हणजे ते फक्त ज्याला परवडत नाही त्याच्यासाठीच महाग झालं, असं समजू नका. आपल्याला परवडतं म्हणून आपण जे फुकट जाळतो, ते कोणाच्या तरी पोटापाण्याच्या कामातून कमी होत असतं आणि तो माणूस बहुतेक वेळा आपल्या दारी भांडायला येत नाही. सण करा, चुली पेटवा, दिवे लावा, पण लागेल तेवढंच जाळा. आणि ज्याचं नुकसान आपल्या हातून झालं त्याला भरून द्यायचं असेल, तर उद्यावर टाकू नका.

मारोतराव पुढे पुष्कळ वर्षं जगले. लांबच्या गावांहून कुंभार आणून वसवायचा त्यांनी दोनतीनदा प्रयत्न केला, घर आणि जागा देऊ केली. कोणी आलं नाही. बोरखेडात त्यानंतर कुंभाराचं चाक फिरलं नाही.